कोर्लईची एक जलयात्रा व एक अलिखित दफ्तर

चौलच्या खाडीच्या मुखाशीं, दक्षिणतीरावर, जो डोंगर समुद्रांत शिरलेला दिसतो, त्याच्या पायथ्याचें कोर्लई हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस किल्ल्याकरितां ठाऊक आहे. गांवाकरितां बहुधा नाहीं. आमचेंही तसेंच होतें. परंतु गेल्या वर्षीं एका संग्राहक स्नेह्यानें आम्हांस असें कळविलें कीं, कोर्लईतील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या पेटींत एक जुना पोर्तुगीज कागद असून, किल्ला मराठ्यांच्या हवालीं झाला त्या वेळचा तो असावा, असें घरचीं माणसें सांगतात. इ. स. १७४० च्या सुमाराचा पोर्तुगीज कागद, आणि तोही सरकारी दफ्तराबाहेर, एका शेतकऱ्याच्या घरांत! अशी वार्ता ऐकून जो स्वस्थ बसेल तो संग्राहक कसला? माघ महिन्यांतील एक दिवस ठरवून आम्ही निघालों.

कोर्लईस आज जमिनीच्या वाटेनें सुखानें जातां येतें. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत साळावजवळ खाडीवर पूल झाला, तेव्हांपासून रेवदंड्याहून मोटार थेट गांवांत पोंचते. तथापि आम्हीं मुद्दाम रेवदंड्याच्या बंदरावरून होडी केली. या स्थळाचा सगळा जुना इतिहास पाण्यावरून घडलेला आहे, आणि जो इतिहास पाण्यावरून घडला तो मोटारीच्या खिडकींतून दिसत नाहीं, असा आमचा जुना अनुभव आहे. तांडेल रेवदंड्याचाच कोळी होता. भरतीची वेळ त्यानें सांगितली त्याप्रमाणें उजाडतांच आम्ही धक्क्यावर हजर झालों, आणि तरीही त्यानें आम्हांस उशीर झाल्याचें ऐकविलें.

होडी बंदर सोडून खाडीच्या मध्यावर आली, तेव्हां ज्यासाठीं हा खटाटोप केला तें दृश्य दिसलें. मागें उत्तरतीरावर माडांच्या शेंड्यांतून रेवदंड्याच्या कोटांतील उंच मनोरा, ज्यास लोक सातखणी म्हणतात तो, डोकें काढून उभा होता. पुढें दक्षिणेस कोर्लईचा डोंगर एखाद्या अरुंद जिभेसारखा समुद्रांत गेलेला, व त्याच्या कण्यावरून एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत तटाची रेघ. या दोहोंमधील पाणी इतकें थोडें आहे कीं, डोंगरावरील तोफा ज्याच्या हातीं, त्याच्या परवानगीवांचून एकही गलबत चौलच्या बंदरांत शिरूं शकणार नाहीं, हें समजण्यास युद्धशास्त्राचें ज्ञान लागत नाहीं. डोंगर सख्या शेजाऱ्याच्याही हातीं जाऊं देणें रेवदंडेकरांस परवडणारें नव्हतें.

या मुखाचें महत्त्व जुनें आहे. इ. स. १५०८ मध्यें ईजिप्तचें व गुजराथचें आरमार यांनीं मिळून पोर्तुगीजांचा येथेंच पराभव केला, व त्यांत पोर्तुगीज गव्हर्नर आल्मैदा याचा मुलगा लोरेन्सु मारला गेला. पुढें निजामशहाच्या संमतीनें १५१६ मध्यें पोर्तुगीजांस वखार मिळाली, १५२१ मध्यें किल्ल्याचें काम सुरू झालें, आणि रेवदंडा हें पोर्तुगीज चौल बनलें. समोरचा डोंगर मात्र मोकळाच राहिला होता. १५५८ च्या सुमारास पोर्तुगीजांनीं तेथें किल्ला बांधण्याची परवानगी मागितली; निजामशहानें ती तर दिली नाहींच, उलट आपलीच माणसें बांधकामास धाडलीं; शेवटीं दोघांपैकीं कोणींही डोंगर बांधून काढूं नये, असा करार होऊन प्रकरण मिटलें. आमच्या मतें कोर्लईच्या इतिहासाची किल्ली या मोकळ्या राहिलेल्या डोंगरांत आहे. छत्तीस वर्षांनीं, १५९४ मध्यें, दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानें तो करार बाजूस सारून डोंगरावर तट उठविला, व येथून पोर्तुगीजांच्या शहरावर तोफांचा मारा होऊं लागला. त्याच वर्षीं पोर्तुगीजांनीं चालून येऊन किल्ला घेतला. पळणाऱ्या निजामशाही सैन्याच्या पाठोपाठ ते आंत घुसले, आणि दरवाजांत पडलेल्या हत्तीमुळें दार लावतां आलें नाहीं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. सेनापति फर्हादखान त्यांच्या हातीं लागला. मेलेल्यांचे आंकडे मात्र दोन्ही बाजूंच्या लेखकांनीं इतके फुगविले आहेत कीं, त्या अरुंद कण्यावर तेवढीं माणसें उभीं तरी कशीं राहिलीं, असा प्रश्न डोंगर पाहिलेल्या मनुष्यास पडल्यावांचून राहत नाहीं.

तांडेलानें होडी डोंगराच्या आडोशास, गांवाच्या बाजूनें लावली. गुडघाभर पाण्यांतून उतरावें लागलें. किल्ल्याचें वर्णन आम्ही येथें विस्तारानें करीत नाहीं. डॉ. गेर्सन द कुन्य यांनीं चौल व वसई यांवरील आपल्या १८७६ च्या ग्रंथांत तें केलेलें आहे, आणि त्यानंतर दगड आणखी ढासळले, याहून निराळें सांगण्यासारखें थोडेंच आहे. एकामागून एक आडवे घातलेले दरवाजे, पाण्याचें टांकें, छप्पर नसलेलें प्रार्थनामंदिर, पोर्तुगीज अक्षरांच्या शिळा, गवतांत पडलेल्या तोफा, हें सर्व एका तासांत पाहून होतें. परंतु एका चुकीचा निर्देश केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. मराठ्यांनीं हा किल्ला हल्ला करून घेतला, असें कांहीं पुस्तकांत छापिलेलें आढळतें. वसई १७३९ मध्यें पडली, चौलास वेढा पडलेला होता व कोर्लईवरही मराठी फौज आली होती, हें खरें. परंतु चौल व कोर्लई हे दोन्ही किल्ले शेवटीं १७४० मध्यें तहानें, मुंबईकर इंग्रजांच्या मध्यस्थीनें, हवालीं करण्यांत आले. गोव्याच्या दफ्तरांतील कागदांवरून डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथांत या व्यवहाराचा मागोवा घेतला आहे. अंमल बदलतांच संतांचीं नांवें जाऊन बुरुजांस नवीं नांवें मिळालीं. सान फ्रांसिस्कूचा गणेश बुरूज झाला. तहानें घेतलेला किल्ला लढून घेतला म्हटल्यानें मराठ्यांचा पराक्रम वाढत नाहीं. इतिहासाची मात्र हानि होते. शिवाय या ठिकाणीं ती हानि साधी नाहीं. तिच्यामुळें पुढील गोष्ट अगम्य होते. किल्ला लुटीनें पडला असता, तर पायथ्याचे लोक उधळले असते. तो तहानें गेला, शिबंदी निघून गेली, गांव राहिलें.

आतां त्या कागदाविषयीं. खालच्या पाड्यांत, माउंट कार्मेलच्या प्रार्थनामंदिराच्या अलीकडे, तें घर सांपडलें. घरमालक भाताच्या शेतीवर राहणारा, चाळिशीच्या पुढचा गृहस्थ. त्यानें आम्हांस ओटीवर बसविलें, पाणी दिलें, आणि आम्ही कशासाठीं आलों तें ऐकून घेऊन लांकडी पेटी बाहेर आणली. आमचें काळीज त्या वेळीं कसें धडधडत होतें, तें मोडीचा रुमाल प्रथम सोडणाऱ्या वाचकांस निराळें सांगावयास नको. पेटींतून एक फडक्यांत बांधलेलें पुस्तक निघालें. कागद यंत्रावर केलेला, अक्षर छापील, पहिलीं पानें गेलेलीं. पोर्तुगीज भाषेंतील प्रार्थनांचें एक लहानसें पुस्तक, आणि तेंही फार तर शंभर-सव्वाशें वर्षांचें. १७४० चा कागद कोठेंच नव्हता. आमच्या चेहऱ्यावरची निराशा त्या गृहस्थास दिसली असावी. कारण त्यानें उगीचच पेटीचा तळ पुन्हां चांचपून पाहिला.

पुस्तक कोणाचें, असें विचारतां त्यानें आंतल्या बाजूस वळून आपल्या आईस हांक मारली, आणि दोघांचें कांहीं बोलणें झालें. तें बोलणें आमच्या कानांवर पडलें, तेव्हां कांहीं शब्द पोर्तुगीज वाटले. पण वाक्याचें वळण मात्र आमच्या घरांतल्यासारखें. आजी बाहेर येऊन बसल्या. आम्हीं मराठींत विचारलें, “आजी, हें पोर्तुगीज का?” त्या म्हणाल्या, “नाहीं. हें आमचं. नो लिंग. पोर्तुगीज ते पाद्री बोलायचे. ती आम्हांला सगळी कळायची नाहीं.” नो लिंग म्हणजे आमची भाषा. आम्ही गांवांत शिरतांना टांचणवहींत ‘मातृभाषा पोर्तुगीज’ असें लिहून ठेविलें होतें. तें तेथल्या तेथें खोडावें लागलें.

कोर्लईची ही बोली विद्वानांस अज्ञात नाहीं. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें गांवांत राहून तिचा अभ्यास केला, व १९९६ मध्यें तिच्या उत्पत्तीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु तो ग्रंथ भाषाशास्त्राच्या कपाटांत गेला आणि आमच्यासारखे लोक इतिहासाच्या कपाटासमोर बसून राहिले. त्या ग्रंथांतील एक गोष्ट संशोधकाच्या दृष्टीनें अत्यंत मोलाची आहे. पोर्तुगीज भाषेंत क्रियापदांचे तीन गण आहेत. शेवटच्या स्वरावरून ते ओळखले जातात. ते तीन्ही गण कोर्लईच्या बोलींत जसेच्या तसे टिकले आहेत. परंतु त्यांखेरीज तेथें एक चौथा गण आहे, उकारान्त. आणि मराठींतून घेतलेलीं क्रियापदें त्या चौथ्या गणांत ठेविलेलीं आहेत. आमच्या व्यवसायाच्या भाषेंत बोलावयाचें तर, जुन्या कारकुनानें तीन रुमाल होते तसेच राखले, आणि नव्या अंमलांत आलेले कागद जुन्यांत न कोंबतां त्यांसाठीं चौथा रुमाल बांधला. कोणता शब्द कोणत्या दाराने घरांत आला, याची नोंद त्या शब्दाच्याच अंगावर आहे. इतकें शिस्तीचें दफ्तर आम्हीं पुणें-सातारा येथील वाड्यांतही फार थोडें पाहिलें आहे.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. पोर्तुगीज मनुष्य कर्ता, मग क्रिया, मग कर्म असें बोलतो. कोर्लईकर मराठीप्रमाणें कर्ता, कर्म व शेवटीं क्रियापद या क्रमानें बोलतो. आजींचें वाक्य आम्हांस ओळखीचें वाटलें तें यामुळें. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण त्यांची मांडणी कोंकणच्या घराची. उलट दिशेची देवघेव आपणांस परिचितच आहे: चावी, पगार, पाव, बटाटा, इस्त्री, घमेलें हे शब्द पोर्तुगीजांचे आहेत हें आतां कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. परंतु तेथें केवळ शब्दांची उसनवारी झाली. मराठीचा सांगाडा हालला नाहीं. कोर्लईंत सांगाडाच फिरला आहे. मालक निघून गेल्यावर त्याचे शब्द राहिले व ते बोलणाऱ्यांनीं शेजाऱ्यांच्या तालावर बसविले, हा क्रम इतका स्पष्ट आहे कीं, १७४० ची खूण शोधण्यास आम्ही गेलों ती खूण कागदावर न मिळतां येथें मिळाली, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

या लोकांस सर्रास ‘पोर्तुगीजांचे वंशज’ म्हटलें जातें, आणि हौशी लेखक तर त्यांच्या डोळ्यांच्या रंगापर्यंत जातात. आम्हांस तें मुळींच मान्य नाहीं. शिपायांचीं येथील स्त्रियांशीं लग्नें झालीं हें खरेंच. परंतु समाजाचा मोठा भाग धर्मांतरित स्थानिक लोकांचा, बहुतांशीं खालच्या मानलेल्या जातींतल्या लोकांचा होता, हेंच अभ्यासकांचें मत आहे. ज्यांस गोव्यास किंवा युरोपांत जाण्याचें साधन होतें ते गेले. ज्यांस जाण्यास जागा नव्हती ते राहिले. धर्मामुळें हिंदु व मुसलमान शेजाऱ्यांशीं लग्नव्यवहार नाहीं, जातीच्या विचारामुळें इतर ख्रिस्ती लोकांशींही थोडाच. एका बाजूस समुद्र, एका बाजूस खाडी, आणि पाठीशीं रान. ज्या बोलीचें आज कौतुक होतें ती या कोंडींत टिकली. तिच्या आयुष्यांत अभिमानाइतकाच उपेक्षेचा वांटा आहे, हें विसरून चालणार नाहीं. वसईच्या १७३९ च्या शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांविषयीं कलम होतें. कोर्लईंतही मराठी अंमलांत उपासना चालू राहिली व अधूनमधून गोव्याकडील धर्मगुरु येत राहिले. तेवढाच एक धागा जुन्या मालकाच्या भाषेशीं जोडलेला होता. तोही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तुटला; प्रार्थना मराठींत होऊं लागली, शाळा मराठी झाली, पूल आला, आणि साळावास लोखंडाचा मोठा कारखाना निघून कामास बाहेर जाणें सोपें झालें.

या सर्वांचा अर्थ त्याच ओटीवर आमच्या समोर घडत होता. आजी नातीशीं आपल्या बोलींत बोलत. नात सर्व समजे, आणि उत्तर मराठींत देई. तिला त्यांत कांहीं विशेष वाटत नव्हतें, आणि वाटावें असें आम्हीही म्हणणार नाहीं. शाळेंत जाणाऱ्या मुलीनें इतिहासाच्या सोयीसाठीं आपलें तोंड बांधून घ्यावें काय? पण हिशेब हिशेबाच्या जागीं आहे. गांवांत ही बोली बोलणारे हजाराच्या आंतबाहेर. तिच्या बहिणी उत्तर कोंकणांत पूर्वीं अनेक होत्या. मोन्सिन्योर दाल्गादु यांनीं १९०६ मध्यें या उत्तरेकडील बोलींवर निबंध लिहिला, तेव्हां वसई, साष्टी, मुंबई या भागांतील ख्रिस्ती लोकांत त्यांचे अवशेष होते. आज त्या भागांत त्या ऐकूं येत नाहींत. दमण व दीव येथें अशा बोली अद्याप आहेत. कोचीनजवळच्या वायपीन बेटावरील विल्यम रोझारियो हे ऑगस्ट २०१० मध्यें वारले. तेथील बोली अस्खलित बोलणारे ते शेवटचे गृहस्थ मानले जातात. एक मनुष्य गेला आणि एक दफ्तर जळालें. पेशवे दफ्तरांतील एका रुमालास वाळवी लागली तर आपण वर्तमानपत्रांत पत्रें लिहितों.

आमचें सभासदांस सांगणें एवढेंच आहे. आपण कोर्लईस जातों ते शिळांचे ठसे घेण्यास, नाणें मिळालें तर पाहण्यास, आणि पेटी उघडून घेण्यास. पुढच्या खेपेस कोणी जाईल त्यानें सोबत ध्वनिमुद्रणाचें यंत्र न्यावें. घरच्या माणसांची परवानगी घेऊन वृद्धांच्या तोंडून शेतीचीं, मासळीचीं, लग्नकार्याचीं नांवें, नातीं, शिव्यासुद्धां, टिपून घ्यावीं. आणि मुद्रणाची एक प्रत त्या घरीं ठेवावी. ती प्रत न ठेवतां निघून येणें म्हणजे कागद परत न करणाऱ्या संग्राहकाचेंच कृत्य होय, व तसे संग्राहक आपणांत किती आहेत तें आपणच जाणतों. देवनागरींत ही बोली लिहितांना कांहीं स्वर हातचे निसटतात, म्हणून आम्ही येथें शब्दांची यादी छापण्याचा मोह आवरला आहे. अर्धवट नकलेनें मूळ कागदाचें जें होतें तेंच व्हावयाचें.

उन्हें कलंडलीं तेव्हां तांडेलाचा निरोप आला कीं, ओहोटी लागली आहे व आणखी अर्धी घटका बसलांत तर पुलावरूनच जावें लागेल. आम्हीं प्रार्थनेचें पुस्तक फडक्यांत बांधून पेटींत ठेविलें. तें विकत घेण्याची इच्छा आम्हांस झाली नाहीं, असें म्हटल्यास तें खोटें होईल. परंतु आजींस वाचतां येत नसूनही रविवारीं त्या तें हातांत धरून बसतात, असें मुलानें सांगितल्यावर विषयच संपला. निघतांना आजींनीं विचारलें, वहींत काय लिहिलंत? आम्हीं टिपून घेतलेलीं पांच-सहा वाक्यें वाचून दाखविलीं. पहिल्या दोहोंस त्यांनीं मान हालविली. तिसऱ्यास त्या हंसल्या, आणि नातीकडे वळून तें वाक्य पुन्हां म्हणावयास त्यांनीं तिला सांगितलें. मुलीनें तें एकदां, लाजत, पण बिनचूक म्हटलें. आम्हीं खोडून पुन्हां लिहिलें, आणि होडीकडे धांवलों.